सावरटोल्यात ठेवलेला डबा

मी एक जुना पेट्रोलचा डबा आहे. जुना म्हणजे नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हाचा. पोट फुगलेले, एक बाजू काळीठिक्कर, पितळी झाकण कधीच गेलेले. मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी तापट आहे, माझ्यामुळे माणसे भाजली, एक जीव गेला. तेच सांगणार आहे.

पत्रा कापून, ठोकून, झाळून मला तयार केले आणि वर लाल रंग चढवला. पोटात दोन गॅलन मावत. राकेलच्या डब्यांना मी कस्पटासमान लेखी. ते चिमणीत मिणमिणणार आणि मी गाड्या पळवणार! असा माझा तोरा होता.

माझा मालक गिरिधर. सीताबर्डीवर त्याचे मोटार दुरुस्तीचे दुकान होते. दर उन्हाळ्याच्या तोंडाला तो वैनगंगेपलीकडच्या धानगिरण्यांची इंजिने दुरुस्त करायला फटफटीवर निघे. फटफटीला बाजूला एक बसायची गाडी जोडलेली असे. उमरेड मागे पडले की पेट्रोल औषधालाही मिळत नसे. म्हणून तो दिवाळीनंतरच धानाच्या परतीच्या बैलगाड्यांतून भरलेले डबे पुढे पाठवी आणि चाळीस-चाळीस मैलांवर ओळखीच्या घरी एकेक ठेवी. नदीच्या वाळूत गाडी जास्त पिते, उन्हाने थोडे उडून जाते, हे सगळे त्याने धरलेले असे. त्या वर्षी जाताना दोन डबे आणि येताना मी, अशी आखणी होती. मला ठेवले सावरटोल्याला, गावचा कोतवाल कवडू याच्या गोठ्यात.

पण माझ्यात काय आहे ते गिरिधरने त्याला सांगितले नाही. पूर्वी एकाने डब्यातले पेट्रोल परस्पर एका लॉरीवाल्याला विकले होते. तेव्हापासून तो एवढेच म्हणे, "सामान आहे आपलं. सांभाळजो."

चार महिने कवडूने मला सांभाळले. वर ओले पोते टाकले, गुरांना जवळ येऊ दिले नाही. मग होळी आली.

त्या मुलखात होळीसाठी कोणाच्याही अंगणातून लाकूड, गोवऱ्या, मोडकी खाट उचलून नेतात आणि ज्याचे गेले त्याने रागवायचे नसते. उलट हसायचे असते. दिवस मावळताना रुपराव नावाचा गडी चार जणांसह आला आणि मला खांद्यावर टाकून चालू लागला. कवडूला वाटले, राकेल असेल, उद्या दुकानातून आणून भरून ठेवू. रीतीप्रमाणे तो हसला.

होळीत ओला पळस होता, नुसता धूर निघत होता. रुपरावने झाकण काढून मला उलटे केले. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. चार महिने कोंडलेला मी एकदम भडकलो. जाळ धारेवरून चढून माझ्या तोंडात शिरला, मी फुगलो आणि फुटल्यासारखा आवाज करून उडालो. रुपरावच्या हातांची कातडी सालीसारखी सुटली. बायका किंचाळत पळाल्या, एकीचा पदर पेटला.

त्याच वेळी गिरिधरची फटफटी आचके देत आली आणि गावात शिरताच पेट्रोल संपून बंद पडली. बाजूच्या गाडीत त्याची थोरली बहीण भागीरथा होती. ती नदीपलीकडे दिली होती. आठ दिवसांपूर्वी पहाटे मोहफुले वेचताना अस्वलाने तिला पाडून दंड फाडला होता. जखम सडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नागपूरचा दवाखाना गाठायचा म्हणून तो थांबला नव्हता.

"डबा कुठी आहे?"

"होळीत गेला जी," कवडू म्हणाला.

गिरिधरने मला उचलले. मी अजून तापलेलाच होतो, त्याचे तळवे भाजले, तरी त्याने मला कवडूच्या तोंडावर हाणले. दात पडले. दुसऱ्यांदा हाणले तेव्हा जबड्याचे हाड कडकन मोडले. कवडूने हातही वर केला नाही. गिरिधर तिसऱ्यांदा मला उगारत होता.

"नोको मारू गा त्याले," भागीरथा म्हणाली. "बैल कोन जुपन मंग?"

बैल कवडूनेच जुंपले. जबड्याला फडके बांधून तो दोन दिवस हाकत राहिला, रेल्वेचे स्टेशन तेवढे लांब होते. गाडीत एका अंगाला भागीरथा, दुसऱ्या अंगाला कण्हणारा रुपराव आणि पायाशी मी. गिरिधरने मला का घेतले ते त्यालाही सांगता आले नसते.

"गिरिधर, माह्या हाताचा वास येऊन राहिला का गा?" तिने वाटेत विचारले.

"नाही वं बाई," तो म्हणाला. वास स्टेशनावरच्या लोकांनाही येत होता.

तिथून आगगाडीने आम्ही सगळे, कवडूही, नागपूरला आलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि काळानिळा खांदा बघून म्हणाले की काल आणली असती तर हात कापून जीव वाचवला असता. ती त्याच दुपारी गेली. रुपराव वाचला, बोटे मात्र वाकडीच राहिली.

दवाखान्याच्या पायरीवर कवडू गिरिधरजवळ येऊन बसला. मोडक्या जबड्यातून शब्द नीट निघत नव्हते.

"तुमी फक्त सामान म्हनलं जी. काहून नाही सांगतलं? मी गोठा देला असता होळीत, बैल देले असते. डब्याले हात लावू देला नसता."

 गिरिधरने भाजलेले हात जोडले.

मित्रांनो, आगीशी खेळू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी दुसरेच मागतो. कोणाच्या घरी काही विश्वासाने ठेवाल, तेव्हा आत काय आहे ते त्याला सांगा. गिरिधरने सगळी वाट आखली, वाळू धरली, ऊन धरले. कवडूला मात्र एवढे सांगायचे राहिले, "हे नसेल तर मी घरी पोचणार नाही".