थोरलीचा कट्टा

चहा उकळून वर आला तरी थोरलीचे कान बाहेरच्या खोलीकडे होते. एरवी त्या खोलीत माणसं यायची ती तिच्या जावेकडे, धाकटीकडे, आणि चहा करायचा थोरलीने. आज मात्र दुकानदार, शिंपी आणि सायकलवाला असे तिघे आले होते, आणि तेही धाकटी घरात नाही असं बघून. "वहिनी, चहा राहू द्या, आधी तुम्ही बाहेर या," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा तिने गॅस बंद केला आणि ओल्या हातांनीच जाऊन बसली.

मागच्या नगरपालिका निवडणुकीच्या आधीही हेच तिघे याच खोलीत आले होते. गल्लीतलंच कोणीतरी उभं राहावं असं ठरलं होतं, आणि त्यांनी पहिलं विचारलं ते थोरलीला. साहजिकच होतं. कोणाचा नळ गळतो, कोणाचा मुलगा घरात बोलत नाही, कोणाच्या आजीला दवाखान्यात कुठल्या वॉर्डात ठेवलंय, हे सगळं तिला ठाऊक असायचं. थोरली म्हणाली, "छे, मला कुठलं जमतंय! हिला विचारा." आता चांगल्या घरातली बाई पहिल्या विचारण्याला हो म्हणते का? पानात कोणी दुसऱ्यांदा वाढायला आलं तरी माणूस आधी हात आडवा धरतो. ते आग्रह करणार, मग ती म्हणणार, "एवढं म्हणताय तर बघते." उत्तर तयार होतं. पण धाकटी मध्येच "चालेल" म्हणाली आणि विषय संपला.

तेव्हापासून थोरली जळत होती. त्याला दुसरा शब्द नाही. दोघी जावा दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होत्या; एका चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, झटकायची, घडी घालत एकमेकींकडे चालत यायचं. आता दुसरं टोक एका नव्या पोरीच्या हातात होतं आणि धाकटी सभागृहात बसत होती. कोणी म्हणालं, "तुमची जाऊ अजून किती साधी हो," की थोरलीच्या अंगाची लाही व्हायची. धाकटी भाषणात "आम्ही सामान्य माणसं" म्हणायची, तेव्हा तर फारच. सामान्य म्हणून कोणाचं नाव पुढे यायला हवं होतं, तर थोरलीचं. तिच्याइतकी सामान्य बाई सबंध वॉर्डात नव्हती.

आणि आता धाकटीने नवंच काढलं होतं. गल्लीतल्या घरांच्या पायऱ्या वर्षानुवर्षं पुढे सरकत आल्या होत्या, त्यांचे कट्टे झाले होते. रुग्णवाहिका आत येत नव्हती. शिंप्याच्या आईला झटका आला तेव्हा तिला खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून न्यावं लागलं, आणि तोवर उशीर झाला होता. धाकटीने सभेत मागे लागून कट्टे तोडायचा ठराव करून घेतला. सगळ्यांचे कट्टे, स्वतःच्या घराचासुद्धा. गल्लीत सगळ्यांत लांब कट्टा त्यांचाच होता. कामावरून आल्यावर दुखरा गुडघा पसरून थोरली तिथे बसायची. घरातल्या खुर्च्या तर धाकटीच्या माणसांनी कधीच्याच अडवल्या होत्या.

"तुम्हाला काही करायचं नाही वहिनी," दुकानदार सांगत होता. उद्या तोडायला माणसं आली की फक्त कट्ट्यावर बसून राहायचं. निवडून आलेल्या बाईची जाऊच उठत नाही म्हटल्यावर हातोडा कोण उचलणार? आणि पुढच्या खेपेला गल्ली थोरलीलाच उभी करणार होती. "तुम्ही खऱ्या आमच्यातल्या," शिंपी म्हणाला.

आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवताहेत हे थोरलीला कळत होतं. पण चढल्यावर वरून बरं दिसत होतं. तिने या वेळी आग्रहाची वाट पाहिली नाही. "बसते," म्हणाली.

सकाळी मुकादम चार माणसं घेऊन आला, तेव्हा थोरली कट्ट्याच्या मधोमध बसली होती. धाकटी दारातून बाहेर आली, जावेला वळसा घालून खाली उतरली आणि मुकादमाशी दोन शब्द बोलली. मग परत येऊन तिच्या शेजारी बसली.

"उठा म्हणून मी सांगणार नाही, ताई."

"सांगून बघ."

धाकटी हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही नको म्हणालात ना, ते खरं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं."

थोरलीने मान वळवली. "मग?"

"मलाही हवं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात. म्हणून मी मध्येच बोलले."

इतके दिवस थोरलीची समजूत अशी की धाकटीला रीतभात कळत नाही, म्हणून ती बोलून गेली. म्हणजे हे उघड उघड तोंडचा घास काढून घेणं होतं. तिला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ, नवल म्हणजे, थोडं हलकंही वाटलं. आपण उगाच जळत नव्हतो तर.

तिने गल्लीकडे पाहिलं. दुकानदाराने आपल्या कट्ट्यावरची पोती केव्हाच आत नेली होती आणि तो दारात हाताची घडी घालून उभा होता. सायकलवाल्याचं शटर अर्ध्यावर होतं, खाली नुसते पाय दिसत होते. शिंपी खिडकीत होता. स्वतःच्या कट्ट्यावर कोणीच बसलं नव्हतं.

"काय हो, तुम्ही नाही बसलात?" तिने दुकानदाराला विचारलं.

"तुम्ही बसलात ना वहिनी! तुमच्यात आम्ही आलोच की."

सायकलवाला शटरमागूनच ओरडला, खुर्ची मिळाली की गल्ली विसरतात ही माणसं. ते धाकटीला होतं. तिने वळून पाहिलं नाही, फक्त पायातली चप्पल नीट केली.

"रोज ऐकतेस हे?" थोरलीने विचारलं.

"हे निदान ऐकू येईल असं बोलतात."

शिंप्याच्या आईला उचलून नेलं तेव्हा खुर्चीचा एक पाय थोरलीच्या हातात होता. म्हातारी हलकी होती, पण वळणावर कट्ट्यांमधून खुर्ची निघेना आणि सगळ्यांना थांबावं लागलं. ते थांबणं थोरलीला आठवलं. आज शिंपीही खिडकीत होता.

गुडघ्यावर हात रेटून ती उठली. "आमच्यापासून सुरू करा," ती मुकादमाला म्हणाली आणि कामाला निघून गेली. धाकटीकडे तिने पाहिलंही नाही.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा दारापुढे नुसता खडीचा पट्टा होता आणि उंबरा मांडीएवढ्या उंचीवर गेला होता. चौकट धरून, कशीबशी, दोनदा प्रयत्न करून ती चढली. बाहेरची खोली माणसांनी भरलेली होती. दुकानदारही होता, त्याच्या दारातला राडारोडा कोणी उचलला नव्हता. थोरली स्वयंपाकघरात गेली नाही. बाकाच्या शेवटच्या टोकाला जागा होती, तिथे पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"ताई, तुम्ही तिथे कशाला? आत या ना," धाकटी म्हणाली.

"माझा नंबर येऊ दे."

माणसं एकेक करून उठून गेली. आज चहा आला नाही, याची चुळबूळ झाली, पण विचारलं कोणीच नाही. शेवटी खोलीत दोघीच उरल्या.

"बोला," धाकटी म्हणाली.

"दारात चढता येत नाही. माझा गुडघा दुखतो, आणि समोरच्या म्हातारीचं तर त्याहून अवघड आहे. उंबऱ्याच्या आतल्या बाजूने पायऱ्या काढून हव्यात, सगळ्यांनाच. रस्त्यात एक वीतभरही नको." तिने पिशवी सारखी केली. "आणि पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार आहे. तुझ्यासमोर. तेही लिहून घे."

पायऱ्यांचं धाकटीने भराभर लिहिलं. पुढे तिचं पेन थोडं थांबलं. मग तिने तेही लिहून घेतलं.