समुद्रफुलाला इंजेक्शन

आमच्या घरात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे, ती लेकीची. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना ती बापाला बजावून गेली होती, की माशांना चिमूटभर खाणं टाकायचं, दिवा वेळेवर बंद करायचा आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. पण हे पडले दातांचे डॉक्टर. हात न लावता यांना काही बघताच येत नाही.

लेकीची आठवण आली की हे माशांना खाऊ घालत, आणि आठवण सारखीच येई. अति तिथे माती म्हणतात, इथे शेवाळ झालं. उरलेलं खाणं कुजलं आणि दगडांना हिरवी दाढी आली. त्यातच एका दगडावर नाजूक तपकिरी फूल उमललं. टाकी खूश आहे म्हणत यांनी मला स्वयंपाकघरातून ओढत नेऊन ते दाखवलं. ते निघालं उपटसुंभ समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जिवंत प्राणीच, शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावणारा. आणि शेजारी होतं लेकीनं नखाएवढ्या तुकड्यापासून तळहाताएवढं वाढवलेलं जांभळं प्रवाळ. ते कडेनं पांढरं पडू लागलं तेव्हा कुठे यांची ट्यूब पेटली.

लेकीला फोन करायचा सोडून यांनी दवाखान्यातला चिमटा आणला आणि किडका दात काढावा तसं ते फूल उपटलं. मुळासकट, असं यांचं म्हणणं. पण दाताचं मूळ आत राहिलं तर नुसतं ठणकतं. या फुलाचा कण जरी राहिला तरी त्याचं नवं फूल होतं. बघता बघता दगडभर पिलावळ झाली. मी म्हटलं, आता कवळीच बसवा. हे हसले नाहीत.

"प्रवाळ मेलं तर ती टाकीच काढून टाकेल," हे म्हणाले. "मग दर महिन्याला यायची कशाला?"

आई आहे की घरात, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माणूस खरंच रडवेला झाला होता, म्हणून गिळलं.

लेक आली ती थेट टाकीपुढे बसली. प्रवाळ पुन्हा नखाएवढं उरलं होतं. बापानं सगळं कबूल केलं, चोरून घातलेल्या खाण्यासकट. ती चिडली नाही, खाण्याचा डबा तेवढा माझ्या ताब्यात दिला. मग तिनं शेवाळ घासून काढलं, थोडं पाणी बदललं, चुन्याची दाट पेस्ट कालवली आणि सिरिंजमध्ये भरून बापापुढे धरली. ही फुलं जरा धक्का लागला की मिटतात, म्हणून त्यांना कळायच्या आत तोंडात हे मारायचं औषध सोडावं लागतं, हे तिनंच समजावलं.

"माझा हात थरथरतो, बाबा. तुमच्या इंजेक्शनला लहान मुलंसुद्धा रडत नाहीत."

यांनी टाकीतलं पाणी फिरवणारा पंप बंद केला, चष्मा चढवला आणि पहिल्या फुलाशी सुई नेत हे सवयीनं पुटपुटले, "थोडंसं टोचेल हं." आम्ही मायलेकी तोंड दाबून हसत होतो. एकही फूल मिटलं नाही. कितीतरी दिवसांनी यांचा चेहरा खुलला आणि मलाही फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली. हे तिची बॅग घेऊन पुढे खाली उतरले होते. दारात चप्पल घालता घालता ती माझ्या कानाशी लागली.

"खालच्या दगडामागचं एक फूल बाबांनी मुद्दाम सोडलंय. काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात आले की बघते."