हातात दिलेला चाकू

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. जुना म्हणा, चालेल. बोथट म्हणू नका. माझे मोठे पाते झिजून अर्धे झाले आहे, शिंगाच्या मुठीला तडा गेला आहे. पण अजूनही मी उघडलो की खट्ट असा आवाज होतो आणि शेजारी बसलेला माणूस आपला पाय आवरून घेतो.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका बोळात झाला. तेव्हा गादीवर शाहू महाराज होते. बोळाच्या तोंडाला इलाही नावाच्या कारागिराची भट्टी होती. तो सुऱ्या, अडकित्ते, वस्तरे करी. एका झिजलेल्या कानशीचे पोलाद तापवून, ठोकून, पाणी पाजून त्याने मला घडवले. मला एक नाही, चार पाती दिली. मोठे पाते कातडे कापायला, लहान पाते दोरा छाटायला, आरी भोके पाडायला आणि एक वाकडा आकडा त्या भोकातून चामड्याची वादी ओढून घ्यायला. सांबराच्या शिंगाची मूठ बसवली. चारी पाती त्या मुठीत अशी मिटत, की बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये.

मला करून घेतले ते केरबाने. केरबा गावोगाव फिरून मोटा शिवायचा. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी. बैल ती ओढत आणि शेत भिजे. केरबाने शिवलेल्या मोटेतले पाणी सगळा गाव पीत होता, पण त्याचा हात कोणाला चालत नव्हता. त्याला भाकरी द्यायची तर वरून टाकत. मजुरी जमिनीवर ठेवून देणारा चार पावले मागे सरके, मग केरबाने वाकून उचलायची. कातड्याचे काम करणाऱ्याला शिवायचे नाही, अशी तेव्हाची रीत होती. कोणी तिला धर्म म्हणे. मी तिला घाण म्हणतो.

मी तयार झालो त्या दिवशी इलाहीने मला मिटले आणि केरबापुढे हात केला. केरबा मागे सरकला.

"उस्ताद, खाली ठेवा. चाकू हातात देत न्हाईत. भांडण हुतंय म्हणत्यात."

"होऊ दे की!" इलाही हसून म्हणाला. "भांडायला तरी दोन माणसं जवळ यावी लागत्यात. धर."

आणि त्याने मला केरबाच्या तळव्यावर ठेवून वरून त्याची मूठ दाबली. मित्रांनो, मी पोलादाचा आहे, मला सहसा काही वाटत नाही. पण परक्या माणसाने केरबाच्या हातात काही ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती, हे मला कळले.

मग आमची कामाची वर्षे सुरू झाली. कागलकडची काळी रानं, राधानगरीकडच्या वाटा, किती विहिरी पाहिल्या! दुपारी केरबा माझ्या सांध्यात करडईच्या तेलाचा थेंब सोडी आणि प्रत्येक पाते पुसून मिटी. त्याची बायको बायडाबाई म्हणायची, "माझ्या डोक्याला तेल न्हाई आणि ह्याच्या अंगाला हाय व्हय?"

"तुझं डोकं गंजत न्हाई," केरबा म्हणायचा.

"तुझं गंजलंय की!" असे तिचे उत्तर ठरलेले.

असेच एकदा उन्हाळ्यात एका इनामदाराच्या मळ्यावर आम्हाला बोलावणे आले. मोटेची सोंड, म्हणजे पाणी ओतायची नळी, फाटली होती, उभा ऊस वाळत होता. केरबा बैलांच्या उतरत्या वाटेच्या, धावेच्या कडेला बसून कातड्याला भोके पाडू लागला. पाणके, गडी, बैल सगळे ताटकळत उभे होते. तेवढ्यात इनामदार स्वतः आले. बरोबर त्यांचे म्हातारे कारभारी रुद्राप्पा.

या इनामदारांना चाकू जमवायचा नाद होता. घरी काचेच्या कपाटात विलायती चाकू ओळीने मांडलेले आणि अंगावरच्या कोटातही दोनतीन असायचेच. त्यातल्या एकानेही कधी आंबा चिरला नव्हता. माझा खट्ट आवाज ऐकला आणि ते जागच्या जागी थांबले.

"काय रे, हा कुठला?"

"कोल्हापूरचा, सरकार. इलाही उस्तादाचा."

"माझ्याकडं सगळ्या मुलखांचे हाईत, आपल्या गावचा एक न्हाई. हा मला पाहिजे." त्यांनी कोटातून एक झगझगीत विलायती चाकू काढला. "त्याच्या बदली हा घे. सहा पाती हाईत. हे बघ, बाटलीचं बूच काढायचा पेच पण हाय."

"सरकार, मोटेला बूच नसतंय," केरबा म्हणाला.

गडी खुसखुसले. इनामदारांचा चेहरा उतरला.

"दे म्हटलं ना? न्हाई दिलास, तर माझ्या एकाही गावात तुला काम मिळणार न्हाई. बस मग घरात कातडं चघळत."

आता गोष्ट माझ्यापुरती राहिली नव्हती. इनामदारांची गावे गेली म्हणजे केरबाच्या अर्ध्या विहिरी गेल्या, घरातली चूल गेली. मी त्याच्या मुठीत होतो. मूठ थोडी सैल झाली. मला वाटले, हा आता देणार.

आणि घाईत रीत विसरून इनामदारांनी हात पुढे केला. "आण इकडं."

सगळे त्या हाताकडे बघत राहिले. केरबाही बघत राहिला. मग त्याने मला मिटले आणि आपल्यापुढे मातीत ठेवले. उठून चार पावले मागे सरकला.

"हे काय?" इनामदार म्हणाले.

"तुमचीच रीत, सरकार. आजवर तुमच्या दारात मला कुणी हातात काय दिलं न्हाई. खाली ठिवलं, मी वाकून उचललं. आज मी ठिवलाय. पाहिजे तर वाका. न्हाईतर हातातनं घ्या, मी देतो की हातात."

मी मातीत पडून वर बघत होतो. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी दोनच गोष्टी करू शकत होता. केरबापुढे वाकणे, नाहीतर केरबाच्या हाताला हात लावणे. इनामदारांना दोन्ही जमेना.

"रुद्राप्पा, उचल तो!"

कारभारी पुढे आले. माझ्याकडे पाहिले, अर्ध्या शिवलेल्या मोटेकडे पाहिले, उसाकडे पाहिले. "उचलतो, सरकार. पण मग सोंड कशानं शिवायची? ह्या बूचकाढ्यानं?"

या वेळी गडी उघडउघड हसले. इनामदार पाठ फिरवून निघाले. जाता जाता म्हणाले, "मोट पुरी कर. आणि परत दिसू नकोस."

केरबाने मला उचलले, फुंकर मारून माती काढली आणि मोट पुरी शिवली. टाका नीट घातला. राग इनामदारावर होता, उसावर नव्हता.

धमकी खोटी नव्हती. त्या गावांची कामे खरोखर बंद झाली. बायडाबाईने तो उन्हाळा दुसऱ्यांच्या रानात खुरपत काढला. ती चिडली असेल असे मला वाटले होते. पण ती भाजीवालीला, दळणाला आलेल्या बायकांना एवढेच सांगायची, "आमच्या मालकानं इनामदाराला वाका म्हटलं." शेवटी दोघे कोल्हापुरात आली. केरबा पायताणे शिवू लागला. दरबारातून शिवाशिवीविरुद्ध हुकूम निघत होते. हुकूम विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागतो, पण निघत होते. केरबाची लेक अक्काताई शाळेत जाऊ लागली आणि मोटेचा दोरा छाटणारे माझे लहान पाते तिचा बोरू तासू लागले.

केरबा थकला तेव्हा त्याने लेकीला जवळ बोलावले आणि मला तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "आबा, भांडण हुईल की."

"व्हायलाच पाहिजे," तो म्हणाला.

त्यानंतर मी काही वर्षे डब्यात गंजत पडलो, हेही सांगतो. घरच्यांच्या आळसाने माझी आरी सांध्यात अडकली, ती अजून पुरती उघडत नाही. आता काही हौशी पाहुणे येतात, मला काचेत ठेवतो म्हणतात. मी त्या काचेत जाणार नाही. तिथे खट्ट आवाज होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने हत्यार असेल तर त्याला तेल द्या, पुसा, कामाला लावा. आणि कोणाला द्यायचे झाले तर पाते मिटा, मूठ पुढे करा आणि त्याच्या हातात द्या. घेणारा कोणीही असो. मला पुन्हा मातीत ठेवलेत, तर मी इथेच पडून राहीन आणि कोण वाकतो ते बघेन.