ओशाळण्याचं वाक्य

शब्दकोश तयार करणाऱ्या त्या कचेरीत एक शिरस्ता होता. शब्दाचा अर्थ टेबलाशी बसून लिहायचा, पण त्याच्या वापराचं वाक्य बाहेरच्या एखाद्या साध्या माणसाला ऐकवल्याशिवाय छापायला पाठवायचं नाही. अशा माणसाला कचेरीत 'कान' म्हणत. कोणाचा कान शेजारीण होती, कोणाचा सासरा. पंडितचा कान म्हणजे त्याचा थोरला भाऊ, कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवणारा. पंडित हे नावही दादानेच ठेवलेलं. लहानपणी हा भांडतानासुद्धा समोरच्याचं बोलणं सुधारायचा, म्हणून.

बारा वर्षं रोज दुपारी चार वाजता पंडित दुकानात फोन लावायचा आणि वाक्यं वाचून दाखवायचा. पसंत पडलं तर दादा म्हणे, "हं." नाही पडलं तर, "असं कोणी बोलतं का रे?" आणि मग स्वतःचंच एखादं वाक्य फेकायचा, इतकं चपखल की पंडित निमूटपणे आपलं खोडून ते उतरवून घ्यायचा.

गेली दोन वर्षं हा फोन बंद होता, आणि तो पंडितनेच बंद केला होता.

त्याचं झालं असं, की कोशाचा पहिला भाग निघाला त्या समारंभात पाहुण्यांनी वापराच्या वाक्यांची तोंड भरून स्तुती केली. "ही लिहिणाऱ्याला अख्खा बाजार ऐकू येतो," असं म्हणून त्यांनी पंडितला उभं केलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, की ही माझ्या भावाची वाक्यं आहेत. भाऊ समोरच होता, शेवटच्या रांगेत, दुकानातून तसाच उठून आलेला. पंडितने त्याच्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि तो खाली बसला. टाळ्यांत सगळ्यांत मोठ्या टाळ्या दादाच्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार वाजले, पण पंडितचा हात काही फोनकडे जाईना. उद्या करू, पुढच्या आठवड्यात करू, असं करता करता तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मग बायको त्याचा कान झाली. बाई गुणाची, पण तिला सगळीच वाक्यं आवडायची. असा कान असून नसून सारखाच.

आणि दुसऱ्या भागाच्या कामात त्याच्या वाट्याला शब्द आला: ओशाळणे.

अर्थ लिहायला वेळ लागला नाही. लाजतं ते लहान मूल, परक्या माणसांपुढे. वरमतो तो बोलणी खाल्लेला. खजील होतो तो चारचौघांत उघडा पडलेला. ओशाळणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा कोणी काही बोललेलं नसतं. समोरचा चांगलाच वागत असतो आणि म्हणूनच याची नजर वर होत नाही. हे त्याने एका दमात लिहिलं आणि पेन ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. वाक्य जमेना. सहा लिहिली, सहाही मेलेली. बायकोला सहाही आवडली.

दादाची आठवण रोजच यायची, कामापुरती. त्या दिवशी ती कामापुरती राहिली नाही. त्याला दादाचा आवाज हवा होता, तो खेकसणारा, हसू दाबणारा. भाऊ तीन रस्ते पलीकडे आणि आपण इथे झुरतोय, हे काय खूळ! त्याने वाक्यांचा कागद खिशात कोंबला आणि कोणाला न सांगता उठला.

दुकान होतं तसंच होतं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या, टेबलावर पितळेचा भुगा. किल्ली घासायचं यंत्र बंद होतं, दादा नुसता बसला होता आणि एक बाई त्याच्यावर वैतागल्या होत्या. "अहो, पाव तास झाला. करताय की जाऊ?"

"साडेचारला चालू करतो," दादा म्हणाला. बाई पाय आपटत गेल्या.

"मी आहे, दादा," पंडित दारातून म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "दादा."

दादाने वर बघितलं. बराच बारीक झाला होता तो. त्याने पंडितच्या खिशातून डोकावणारा कागद पाहिला आणि म्हणाला, "वाच."

"आपली चूक लक्षात येताच तो ओशाळला."

"असं कोणी बोलतं का रे?"

पंडितला हसू आलं.

"त्या समारंभात तू माझ्याकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस," दादा म्हणाला. "मी आपला काळ्या हातांनी, मळक्या शर्टात. घरी येऊन तुझ्या वहिनीला म्हटलं, उगीच गेलो तसाच, मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग तुझा फोन थांबला. म्हटलं, आता आपण होऊन त्याला कशाला अडचणीत टाका?"

वाक्य आलं होतं, दादाच्याच तोंडून, न शोधता, पूर्वी यायचं तसं. पंडितने पेन काढलं नाही.

"तुझा शर्ट मी बघितलाही नाही," तो म्हणाला. "ती वाक्यं तुझी होती, दादा. मी सांगितलं नाही. तू टाळ्या वाजवत होतास आणि मी..."

"माझी होती ते मला कळत नव्हतं का? म्हणून तर वाजवत होतो! एवढ्या शहाण्यांना आपलं बोलणं आवडलं!" दादा क्षणभर खुलला, मग त्याचा चेहरा उतरला. "वाक्यं नेलीस त्याचं काही नाही रे. पण दोन वर्षं रोज चार वाजता मी हे यंत्र बंद ठेवतो. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून."

पंडित तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने येऊ दिलं.

"उद्या चार-पाच शब्द आण," दादा म्हणाला. "पण फोन नको. यंत्रापायी हा डावा कान गेलाच, उजव्याचंही आता खरं नाही. इथे येऊन, जवळ बसून वाच."

पंडित टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसला.