आमच्या सहनिवासातील एकमेव दोष

आमच्या सहनिवासात घरे ज्याची त्याची स्वतंत्र आहेत. स्वयंपाकघर आणि अंगण मात्र सर्वांचे. कन्येला दिवस गेले, तेव्हा तिच्या गावी कायमचे राहायला जायचे असे सौभाग्यवतीने ठरवले. त्यासाठी बाळ येण्यापूर्वी घर विकले जाणे अगत्याचे होते.

दलालाने घर निरखून मान हलवली. "काका, घरात धड ओटा नाही, आणि शेजारी न विचारता आत शिरतात. अशा घराला भाव कोण देणार? गिऱ्हाईक येईल तेव्हा निदान सगळ्यांना गप्प बसवा."

जन्मभर संस्कृत शिकवल्यामुळे इतरांना गप्प बसवण्याची विद्या मला उत्तम अवगत आहे. मी दारोदार जाऊन विनवले, "रविवारी कृपया कोणीही दृष्टीस पडू नये."

रविवारी दलाल एका निवृत्त परिचारिकेला घेऊन आला; बाई एकट्याच राहणाऱ्या. सारी दारे बंद, दोरीवर एक कपडा नाही. मी कृतार्थ होऊन म्हणालो, "येथे तपोवनासारखी शांतता आहे. कोणाचाही उपद्रव नाही."

"अहो, शांतताच हवी असती तर माझा फ्लॅट काय वाईट होता? तिथे भिंतींशीच बोलते मी. इथे माणसं असतात असं ऐकलं होतं. बरं, येते."

दलालाने कपाळाला हात लावला. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि जेवणाची घंटा बडवू लागली. तत्क्षणी साऱ्या दारांतून माणसे बाहेर सांडली.

"गेलं का हो गिऱ्हाईक?" शेजारच्या सुताराने खणखणीत आवाजात विचारले.

"नाही, इथेच आहे," बाई म्हणाल्या, आणि हसत हसत पंक्तीला बसल्या.

जेवताना त्यांनी विचारले, "खरं सांगा, इथे त्रास कशाचा?"

सर्वांच्या दृष्टी माझ्यावर स्थिरावल्या.

"एकच आहे, मावशी," सुतार म्हणाला. "आमचे पंडितकाका. भांडी घासायची पाळी आली की डोळे मिटून श्लोक म्हणत बसतात. पण तेच घर विकून चाललेत."

बाईंनी घासाघीस न करता होकार दिला. सौभाग्यवतीने तेथूनच कन्येला फोन लावला. दलाल माझ्या कानाशी लागून कुजबुजला, "काका, तुम्ही जाणार हे बाईंना आधीच सांगितलं असतं, तर भाव वाढवून मागितला असता!"

उपरती होऊन, पाळी नसतानाही, मी भांड्यांच्या ढिगाकडे वळलो.

सुताराने माझा हात धरला. "राहू द्या, काका. डाग राहिले तर सौदा मोडेल."