एकशे वीस जीबी रिकामी जागा

आमचे जावई एका कंपनीत संगणकाचं काहीतरी करतात. नक्की काय, ते बारा वर्षांत मला कळलेलं नाही. परवा जे पाहिलं त्यावरून त्यांनाही ते कळलं असेल असं वाटत नाही.

ही गेली त्याला पाच महिने झाले. आमच्या दोघांत लॅपटॉप एकच. मी दिसेल त्या जाहिरातीवर क्लिक करायचो आणि मशीन बंद पाडायचो. "तुमच्या उकिरड्यात मला राहायचं नाही," म्हणत हिने साठाव्या वर्षी पुस्तकं वाचून हार्ड डिस्कची वाटणी केली. एका भागात माझी विंडोज, दुसऱ्यात तिचं लिनक्स. लॅपटॉप सुरू केला की दोन ओळी येतात, दहापासून उलटे आकडे मोजले जातात, आणि काहीच दाबलं नाही तर माझं सुरू होतं. "तुम्हाला निवडायला लावलं तर चहा थंड होईल," असं तिचं म्हणणं.

तिच्या भागात तिचं वाचन होतं. अंधांच्या ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. पाच महिने मी रोज ते आकडे बघायचो आणि हात मांडीवर ठेवून बसायचो. तिचा आवाज ऐकायची छाती नव्हती.

परवा जावई लॅपटॉपसमोर बसले. "बाबा, किती स्लो झालाय हा! तुमची सी ड्राइव्ह भरलीय." मग त्यांना खजिनाच सापडला. "आणि शेजारी एकशे वीस जीबी नुसती रिकामी. नाव नाही, गाव नाही."

"ते हिचं आहे."

"आईंचं असतं तर इथे दिसलं असतं ना, बाबा."

मी चष्मा शोधेपर्यंत त्यांनी तो भाग उडवला. वर मलाच विचारतात, "आता ही जागा तुमच्यात जोडून टाकू?"

"हात उचला," मी म्हणालो. "आधी हात उचला."

माझ्या विंडोजला तिचा भाग वाचता येत नाही, म्हणून तो रिकामा दिसतो, एवढं मलासुद्धा ठाऊक होतं. आणि मला तर फोनवरून साधा फोटोही पाठवता येत नाही.

हिची एक वही होती. वाटणीत काही बदललं की कुठला भाग कुठल्या आकड्यावर सुरू होतो, कुठे संपतो, ते ती पेनाने लिहून ठेवायची. जावई हसायचे. "आई, हे कुणी वहीत लिहितं का?" मी तीच वही त्यांच्यासमोर आपटली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'चुकून भाग पुसला तर घाबरू नका. फक्त हद्द पुसली जाते, आतलं तसंच असतं. डिस्कवर काही लिहू नका. माझ्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा, याच आकड्यांवर हद्द परत आखा. फॉरमॅट करू नका.' शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा. कुणाला उद्देशून ते सांगायला नको.

हिच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला. आकडे नऊ-नऊ अंकी. जावई वाचत होते, मी एका बोटाने टाइप करत होतो.

"बाबा, मी करतो ना, लवकर होईल."

"तुमचं लवकर बघितलं मघाशी. पुढचा आकडा वाचा."

तीनदा ताडून बघितलं. पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. दोन्ही ओळी आल्या.

"वा!" जावई म्हणाले. जणू त्यांनीच केलं.

आकडे सुरू झाले. दहा, नऊ, आठ. तिचं खरंच शिल्लक आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मी खालचा बाण दाबला. पासवर्ड आमच्या लग्नाची तारीख, मी विसरू नये म्हणून ठेवलेली. शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. थोडी खरखर झाली, मग ती खोकली, आणि वैतागून म्हणाली, "अहो, पंखा बंद करा. किती वेळा सांगायचं?"

पंखा आत्ताही चालू होता. जावई बटणाखालीच बसले होते.

"ऐकलंत ना?" मी म्हणालो. "तेवढं तरी येतं का बघा."