छत्री घेर

सहा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राला डॉक्टरांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणावं, तर तसंही नव्हतं. पत्र टेबलाच्या डाव्या खणात चष्म्याच्या जुन्या घरांखाली होतं आणि डावा खण उघडायची वेळ आली की डॉक्टर उजवा उघडत.

डॉक्टर मूल होत नसलेल्या जोडप्यांवर उपचार करणारे. चाळीस वर्षं तेच काम केलं. पण निम्मा जीव पुस्तकांत आणि उरलेला पेन्सिलीत. दवाखान्यात त्यांना पाठीमागे ‘चित्रकार’ म्हणत. त्यांची एक पद्धत होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते सगळं समजावून सांगत आणि संमतीच्या कागदाआधी पेशंटपुढे कोरा कागद ठेवत. ‘उद्या आम्ही काय करणार, ते तुम्हाला कळलं तसं काढून दाखवा.’ चित्रावरून कळलेलं दिसलं की सही; नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि वैद्यकातल्या नीतीचा विषय शिकवणाऱ्या कॉलेजांनी ते डोक्यावर घेतलं. त्यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे ‘रिकामं वर्तुळ’. एका बाईंनी एक मोठं वर्तुळ काढलं होतं, मधोमध एक छोटं, बाकी रेघ नाही. डॉक्टरांनी त्यावर अकरा पानं लिहिली. पोकळी, ओढ, न बोललेलं दुःख. वाचताना लोकांचे डोळे भरून येत.

पत्र त्याच बाईंचं होतं. त्या शिवणकाम करायच्या.

‘डॉक्टरसाहेब,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘भाचीच्या कॉलेजच्या पुस्तकात माझं चित्र पाहिलं. नाव नाही, पण हात माझा आहे. मला विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं. दुसरं असं की ती पोकळी नाही. छत्री घेराच्या झग्याचं कापड आहे. मधलं भोक कमरेचं. तुम्ही सांगितलंत ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं. पुन्हा विचारायची लाज वाटली, बाहेर रांग होती. काहीतरी काढा म्हणालात, म्हणून हाताला येत होतं ते काढलं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात, “वा” म्हणालात आणि कागद पुढे केलात. मी सही केली. मूल झालं नाही याचा राग नाही. दुकान छान चाललंय, मजेत आहे. एवढंच विचारायचंय, त्या दिवशी तुम्ही माझ्या पोटात नक्की काय केलंत?’

हे वाचून डॉक्टरांच्या पायाखालची जमीन सरकली होती. उद्या लिहू, उद्या लिहू म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. दर वर्षाबरोबर उशीर वाढला आणि उशिराबरोबर लाज.

आज सकाळी मात्र फोन आला. त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख, पुस्तकाची नवी आवृत्ती काढत होती.

“सर, खूशखबर! मुखपृष्ठावर रिकामं वर्तुळच घेतोय. शुक्रवारी छपाईला जाईल.”

डॉक्टर “हं” म्हणाले. मग दुसऱ्यांदा “हं” म्हणाले आणि फोन ठेवला.

“कोण गेलं?” बायकोने दारातून विचारलं.

“कोणी नाही. पुस्तक पुन्हा निघतंय.”

“मग चेहरा का असा एरंडेल प्यायल्यासारखा?”

डॉक्टरांनी डावा खण उघडला आणि पत्र तिच्या हातात दिलं. ती उभ्यानेच वाचायला लागली आणि मध्यावर येऊन खुर्चीत बसली. तिचे खांदे हलू लागले. रडते की काय, म्हणून डॉक्टर पुढे झाले, तर ती हसत होती.

“झगा! अहो, त्या अकरा पानांवर मी रडले होते हो! झग्यावर!”

“हसू नकोस. चित्र काढलं म्हणजे कळलं असं मी जगाला शिकवलं आणि हिला काही कळलंच नव्हतं. ती सही खोटी ठरते. माझी सगळी पद्धत खोटी ठरते.”

“पद्धत ठीक आहे. तुम्हाला चित्र आवडलं, तिथे घोटाळा झाला.” ती डोळे पुसत म्हणाली. “एखादी रेघ सुंदर दिसली की तुम्हाला पुढचं माणूस दिसत नाही. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मला नाही का माहीत?”

हे अगदी वर्मी बसलं, कारण खरं होतं. त्या दिवशी ‘हे काय काढलंत?’ असा एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता.

“खरंच झगा होतो का त्याचा?” त्यांनी हळूच विचारलं.

बायकोने जुनं वर्तमानपत्र आणि कात्री समोर ठेवली. दोन घड्या घालायच्या, कोपऱ्यातून कमरेची गोलाई कापायची, खालून घेराची. तिने सांगितलं तसं डॉक्टरांनी कापलं. हजारो शस्त्रक्रिया केलेला हात. पण घड्या उलगडल्या तर मधलं भोक परातीएवढं.

“यात आपण दोघंही मावू,” बायको म्हणाली. “पेशंट वाचले कसे तुमच्या हातून?”

डॉक्टर कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. दुसरा कागद बेताने कापला. तिने तो कमरेला धरून गिरकी घेतली तेव्हा घेर झुलला. छापील चित्रातलं वर्तुळ समोर हलत होतं आणि त्यात पोकळी कुठेच नव्हती.

त्यांनी विद्यार्थिनीला फोन लावून सगळं सांगितलं.

“सर, ते प्रकरण म्हणजे पुस्तकाचा प्राण आहे. आणि हे कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय. मुखपृष्ठ थांबव. बाई नको म्हणाल्या तर प्रकरणही जाईल. हो म्हणाल्या, तर माझी अकरा पानं काढून माझी चूक छापू.”

“म्हणजे बारा वर्षं मी मुलांकडून झग्यावर निबंध लिहून घेतले?”

“चांगले होते का?”

“रडवायचे, सर,” ती म्हणाली, आणि मग तीही हसायला लागली. “थांबवते. पण लवकर कळवा हं.”

आता उत्तर. पहिला खर्डा सात पानांचा झाला. बायकोने वाचून परत दिला. “यात ‘मी’ किती वेळा आहे? त्या बाईंनी तुमच्याबद्दल विचारलंय की पोटाबद्दल?”

डॉक्टर माळ्यावरून जुन्या वह्यांचं गाठोडं काढून बसले. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आत काय दिसलं ते पेन्सिलीने काढायची त्यांची सवय होती. पत्राखाली बाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, तिच्यावरून पान सापडलं. गर्भाशय, दोन्ही बाजूंच्या नळ्या, कुठे काय चिकटलं होतं, सगळं रेखीव. वीस वर्षं हे चित्र त्यांच्याकडे होतं आणि जिच्या पोटाचं ते होतं तिने पाहिलंही नव्हतं.

त्यांनी पान वहीतून सोडवलं आणि नव्याने लिहिलं.

‘बाई, तुम्हाला न विचारता चित्र छापलं, ही माझी चूक. उत्तराला सहा वर्षं लावली, ही दुसरी. तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर असं: बेंबीखाली छोटा छेद देऊन दुर्बिणीने आत पाहिलं. बीज ज्या नळ्यांतून गर्भाशयाकडे येतं, त्यांतली डावी आजूबाजूला चिकटली होती. ती मोकळी केली. उजवी बंद होती. ती उघडण्यात धोका होता, म्हणून हात लावला नाही. काही काढून टाकलं नाही. सोबतचं चित्र तुमचं आहे, ठेवून घ्या. काही कळलं नाही तर खाली फोन नंबर आहे. इथे रांग नसते. तुमचं चित्र पुस्तकात राहू द्यायचं का, तेही सांगा. नाही म्हणालात तरी चालेल.’

बायकोने वाचलं आणि पाकीट आणून दिलं. डॉक्टरांनी पत्ता लिहिला, दोनदा ताडून पाहिला आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी क्षणभर त्यांना वाटलं, ‘धोका होता’ हे नीट समजेल ना? कसला धोका, ते लिहायला हवं होतं का? मग त्यांना नंबर आठवला. विचारतील की. त्यांनी पाकीट आत सोडलं.